पचलेला पेला

थकव्याच्या त्या चिवट आजाराने धरल्यापासून रंगाऱ्याला दारू सोसत नव्हती. एक घोट पोटात गेला की छाती धडधडायची, पाय लटपटायचे आणि पुढचे चार दिवस तो अंथरुणाला खिळायचा. तरी आजार हटला का, हे तो अधूनमधून घोट घेऊनच बघायचा. आज त्याने पेला भरला, तशी बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"अहो, नका ना. कशाला दुखणं ओढवून घेता?"

"किती गं जीव तुटतो तुझा माझ्यासाठी!" तो हसला आणि घोट घोट करत पेला संपवला. तो उठला आणि दणादण पावलं टाकत खोलीभर फिरून आला.

"बघ, काही झालं नाही! सुटलो एकदाचा!" त्याने दुसरा पेला भरला.

"बरं झालं," ती कशीबशी म्हणाली. मग लेकीच्या खोलीत शिरून तिने दार लोटलं आणि त्याच्या आजारपणात गंजून गेलेली आतली कडी दोन्ही हातांनी जोर लावून घातली.

त्या आवाजासरशी लेक पुस्तक टाकून भिंतीला चिकटली.

"आई, बाबा बरे झाले?"