सहीपुरता कोपरा

“मॅडम, आज तरी होईल ना?” गाडीतून उतरता उतरता लेस्टरने विचारलं.

“न व्हायला काय झालं? आज मी त्यांना सोडतच नाही,” सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि तरातरा परवान्यांच्या कार्यालयात शिरल्या.

राग साहजिकच होता. वसईची नोकरी सोडून गणित शिकवायला आलेला हा भला माणूस अडीच महिने त्यांच्या अमिरातीतल्या अल ऐनच्या शाळेत नुसता स्टाफरूममध्ये बसून होता. परवानगीचा कागद येईपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही, असा नियम. आणि व्हिजिट व्हिसा उद्या संपत होता.

तोवर दहावीचं गणित मुख्याध्यापिका असूनही बाईच घेत होत्या. पण कागद त्यांना वर्गापर्यंत पोचू देतील तर ना! बसचे कागद, पाण्याच्या टाकीचे कागद, सुट्ट्यांचे कागद. शाळेच्या मालकाच्या ऑफिसातून रोज सकाळी गठ्ठा यायचा. शेवटी बाईंनी युक्ती काढली. मुश्ताक शिपायाने कागद एकावर एक असे सरकवून मांडायचे, की सहीपुरता खालचा कोपरा तेवढा दिसावा. “यल्ला, चलो मॅडम, घंटी हो गया,” असं मुश्ताक म्हणायचा. बाई उभ्याउभ्याच सह्या ठोकायच्या आणि खडू घेऊन पळायच्या.

काउंटरवरच्या हमदुल्लासमोर त्यांनी हात आपटला. “एक अप्रूवल को ढाई महिने?”

हमदुल्लाने फाइल उघडली. त्याला खरोखरच नवल वाटलं.

“मॅडम, कौनसा अप्रूवल? आप ही ने तो मना किया है.”

बाईंनी कागद ओढून घेतला. शाळेचंच पत्र होतं, मालकाच्या ऑफिसात टाइप केलेलं. दहावीचं गणित मी स्वतः घेते, वर्ग उत्तम चालला आहे, सबब नव्या शिक्षकाची गरज नाही. अर्ज रद्द समजावा. मालकाने बिनबोभाट एक पगार वाचवला होता. खालच्या कोपऱ्यातली सही मात्र अस्सल होती.

“अब कुछ नहीं हो सकता?”

“नई फाइल, मॅडम. तीन महिने, इन्शाल्ला.”

काचेपलीकडे लेस्टर आशेने बघत उभा होता. आता याला कुठल्या तोंडाने सांगायचं? पत्रावरची तारीख बाईंना चांगलीच आठवत होती. प्रिलिमचा आदला दिवस. त्या सकाळी चार मिनिटांत सदतीस सह्या उरकून, वर्गाकडे पळता पळता त्यांनी लेस्टरलाच कौतुकाने सांगितलं होतं, “बघा सर, आज तुमच्या वर्गाचं एक मिनिटसुद्धा फुकट जाऊ दिलं नाही!”