आत्याचं मौन

भालचंद्रराव मोबाइलवरून पैसे पाठवणार, इतक्यात मृण्मयीनं त्यांचा हात धरला.

“बाबा, चाळीस हजार कुणाला?”

“कुंदाताईला. तिचा मेल आलाय. दिल्लीत पर्स चोरीला गेली, बिलासाठी हॉटेलवाले सोडत नाहीत. फोन करू नकोस म्हणालीय.”

“फसवणारे नेमकं हेच सांगतात! आणि हे बघा, नाव आत्याचं आहे, पण मेलचा पत्ता तिचा नाही.”

“अगं, चातुर्मासात ती दुपारपर्यंत मौन पाळते. तिला फोन करतं कोण?” बहीण परक्या गावात एकटी अडकलीय, या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला होता.

मृण्मयीनं आपल्या फोनवरून आत्याचा नेहमीचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. फोन उचलला गेला, पण पलीकडून नुसत्या बांगड्या किणकिणल्या.

“आत्या, बोलू नकोस. दिल्लीत अडकली असशील, तर एक टाळी वाजव. वाईला घरीच असशील, तर दोन.”

दोन टाळ्या ऐकू आल्या. भालचंद्ररावांनी मोबाइल खाली ठेवला.

“मग हॉटेलवाल्यांनी तुला अडकवून ठेवलंय असं सांगून तुझ्या नावानं बाबांकडून कुणीतरी पैसे उकळत होतं.”

“कोण मेला तो?” आत्या कडाडली.

“ताई, तुझं मौन!” भालचंद्रराव कळवळले.

“मोडलं ते मोडलं, आता बोलू दे. भाल्या, हॉटेलवाल्यांनी मला अडकवून ठेवलं, हे तुला खरं वाटलंच कसं? अरे, माझं तोंड सुटलं असतं, तर त्यांनीच हात जोडून, वर तिकीट काढून, मला गाडीत बसवून दिलं असतं!”