पहिली सुपारी

"चार टॉप आणि चार बेस? कारखान्याच्या आवारात?" साउंडवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पन्नास-साठ माणसांना दोन-दोन रग्गड झाले. लोकांचे कान काढून घ्यायचेत का तुला?"

"साहेबांनीच सांगितलंय काका. बेस छातीत धडधडला पाहिजे म्हणाले."

"मग घे बाई. माझं काय जातंय?"

काका गोदामात शिरले आणि स्पीकरवरची धूळ फडक्याने झटकू लागले. ती दारातच उभी राहून नखं खात होती. घरात नि गल्लीत तिला सगळे गडबड म्हणत, आणि नाव काही उगाच पडलं नव्हतं. मैत्रिणींच्या वाढदिवसांना तिने आजवर ढीगभर वाजवलं होतं. कुणी पैशांचं विचारलं नाही, हिने मागितले नाहीत. ही पहिली सुपारी.

ती मिळाली तीही बाबांमुळे. पोरीला पॅकिंगला चिकटवा, असा शब्द टाकायला ते मॅनेजरसाहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, "मुलगी डीजे आहे? वा! मग यंदाच्या आपल्या कार्यक्रमाला तीच. घरचीच मुलगी म्हटल्यावर सगळे खुशीने येतील." बाबा घरी आले ते तोंड वाकडं करूनच. उभा जन्म लेथ मशिनवर काढलेला माणूस. बटणं फिरवण्याला तो काम म्हणेल कशाला?

"हे बघ गडबडे," ते म्हणाले, "एकदा चांगले पैसे घेऊन वाजवून दाखव. मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर सोमवारपासून मुकाट्याने पॅकिंगला."

म्हणून तर ही नखं खाणं.

"फी किती सांगू?" तिने काकांना विचारलं.

"आधी माझं भाडं, टेम्पो, उचलणाऱ्यांची मजुरी वेगळी मांड. तुझी फी त्याच्या वर. भाड्यातून उरेल ते माझं, असं म्हणशील तर कायमची खड्ड्यात."

"हो, पण किती?"

"सांगताना जीभ अडखळेल इतकी."

तिथूनच तिने फोन लावला. जीभ चांगली दोनदा अडखळली. पलीकडून साहेब म्हणाले, "ठीक आहे. निम्मे आत्ता पाठवतो." संपलं!

"घासाघीस नाही केली?" काकांनी कपाळावर हात मारला. "मेलीस! कमी सांगितलंस."

त्या दिवशी ती स्वतःवरच चिडून जेवली नाही.

साहेबांच्या अटीही काही फार नव्हत्या. जेवणं उरकली की सुरू करायचं आणि संध्याकाळपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. भाषणं नकोत, बक्षीस समारंभ नको. "आमची माणसं वर्षभर मशिनांचा खडखडाट ऐकतात," साहेब हसून म्हणाले, "एक दिवस दुसरं काही ऐकू दे." तिला तो माणूस भारीच आवडला.

कार्यक्रमाच्या दिवशी स्पीकर कुठे लावायचे तेही साहेबांनी उभं राहून दाखवलं. मशिनांच्या शेडच्या भिंतीला पाठ आणि तोंड आवाराकडे, ओळीने. मशिनं दोन दिवस सर्व्हिसिंगसाठी खोलून ठेवलेली, त्यामुळे कुणाच्या डोक्याला कामाचा ताप नव्हता. साहेबांनी मागच्या गेटवरच्या वॉचमनलासुद्धा हाताला धरून आणलं. "तू काय पाप केलंयस? चल, नाच!"

पहिली दोन गाणी सगळे लाजत उभे होते. तिसऱ्याला पेंटिंगवाला सुटला, त्याच्यामागे स्टोअरवाला, आणि मग काय, आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबा मात्र कडेला, हात मागे बांधून. कुणीतरी त्यांच्या कानाशी ओरडलं, "तुमची पोरगी? कमाल आहे हो!" बाबांची मान जराशी ताठ झाली. तिने ते पाहिलं.

बाबांसाठी म्हणून तिने त्यांच्या आवडीचं एक जुनं, संथ गाणं लावलं आणि आवाज खाली आणला.

साहेब धावतच आले, घामाने निथळत. "आवाज कमी करू नका!"

"हळू गाणं आहे साहेब, जरा..."

"हळू काही नको! आत्ता कुठे रंगात आलेत." त्यांनी स्वतः जाऊन बाबांना धरलं आणि गर्दीत ढकललं. तिने बेस होता तेवढा चढवला. आणि बाबा नाचले! गुडघेदुखी विसरून, हात वर करून, लहान पोरासारखे. त्यांना असं नाचताना तिने कधीच पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

सूर्य कलला तशी साहेबांनी मान डोलावली. तिने गाणं थांबवलं. कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. माणसं हसत, धापा टाकत, कपडे बदलायला शेडकडे वळली.

साहेबांनी उरलेले पैसे हातावर ठेवले, वर थोडे जास्तच. "झकास वाजवलंत. माझ्या एका मित्राच्या कारखान्यातही असाच कार्यक्रम करायचाय. तुमचा नंबर देऊ ना?" आणि उत्तराची वाटही न बघता ते गाडीत बसून गेले.

वायरी तशाच टाकून ती बाबांना शोधत पळाली. ते शेडच्या दारात चौकटीला धरून उभे होते.

"बाबा, दुसरी सुपारीपण मिळाली! दुसऱ्या कारखान्यात!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जणू ती कुणी परकी होती.

"सगळी मशिनं नेली गं मागच्या गेटने," ते म्हणाले. "तू इतकं छान वाजवत होतीस, की कुणाला ऐकूच आलं नाही."