चौथा ग्लास

चौथा ग्लास नाकाशी नेला आणि एमेतेरिओ थांबला. आंबूस वास. अगदी पुसट, पण होता. पिंपातली वाइन हळूहळू आटते; ते वेळेवर पुन्हा काठोकाठ भरलं नाही, वर हवा साचली, की असाच वास येतो.

टेबलाभोवती पाच परीक्षक होते. ग्लासांवर फक्त आकडे. कुठली वाइन कुणाच्या तळघरातली, हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. तिघांनी पास म्हटलं तर बाटलीवर रिओहाचं, त्या नामांकित वाइन-प्रांताचं, नाव लागणार. नाहीतर ती टँकरमधून जाणार, बिननावाची.

एमेतेरिओ तिथं तीस वर्षं बसत होता. एकदा त्यानं नापास केलेली वाइन सख्ख्या मेहुण्याची निघाली, तर हा त्याच आठवड्यात मेहुण्याकडे बारशाला जाऊन कोकराच्या फासळ्या खाऊन आला. दोनदा वाढून घेतल्या, असं मेहुणा अजून सांगतो.

पण आज त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. या फेरीत सातुरची वाइन असणार, हे त्याला माहीत होतं. सातुर त्याचा मुलगा. फेब्रुवारीत उतारावरच्या मळ्यात ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला. त्याआधीची अकरा वर्षं बापलेकात धड बोलणं नव्हतं. बाप चारचौघांत म्हणायचा, पोराला धीर नाही, लोकांना वाइनच्या नावाखाली पिंपाचं लाकूड पाजतो. पोरगा उलट काहीच म्हणायचा नाही. बापाला तेच जास्त झोंबायचं. आता ओकच्या पिंपांत दोन वर्षं मुरलेली ही त्याची शेवटची वाइन.

मघाशी दुसऱ्या ग्लासाला पाचही जणांनी एका दमात पास म्हटलं होतं. शेरा एमेतेरिओनंच सांगितला आणि चिटणीसबाईंनी लिहून घेतला. घोट मात्र नियमाप्रमाणे त्यानं आधीच बादलीत थुंकला होता. परीक्षक गिळत नाहीत. गिळत गेलं तर दहाव्या ग्लासाला जीभ साक्ष देत नाही. ज्या कुणी ती दुसरी वाइन केली होती, त्याचा त्याला क्षणभर हेवा वाटला होता.

आणि आता हा चौथा. त्याची खात्री पटली. सातुर गेल्यावर सुनेनं, नीएवेसनं, महिनाभर तळघराचं दार उघडलं नाही, असं गाव म्हणत होतं. पिंपं कोण भरणार? आणि तसंही, चूक होती, म्हणजे सातुरचीच असणार.

दोघं पास म्हणाले, दोघं नापास. अध्यक्षबाईंनी एमेतेरिओला चिडवलं, ग्लासात डोळा लागला की काय म्हणून.

त्यानं घोट घेतला. बादली पायाशीच होती. त्यानं घोट गिळला.

"पास," तो म्हणाला.

शेजारच्या परीक्षकानं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

चार दिवसांनी नीएवेस निकालाचा कागद घेऊन आली. एमेतेरिओ स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा सोलत होता. पास झाली, तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि सोलत राहिला. आयुष्यात एकदाच खोटं बोललो, तेही पोरासाठी, या विचारानं त्याला चार दिवस बरं वाटत होतं.

नीएवेस आज बोलायच्या लहरीत होती. लोकांच्या सांत्वनाला कंटाळून ती मागच्या दारानं तळघरात उतरायची म्हणे. दर आठवड्याला, पिंपं काठोकाठ भरायला, एकही न चुकवता. मग तिनं शेरा वाचून दाखवला.

"सुकलेली चेरी, तंबाखूचं पान. लाकूड फळाच्या एक पाऊल मागे. वीस वर्षं टिकेल. करणाऱ्याच्या हाताला धीर आहे."

एमेतेरिओचा हात थांबला. शब्दन् शब्द त्याचा होता. दुसऱ्या ग्लासाचा.

तिनं कागदाची घडी घातली. परीक्षकाला असलं विचारू नये, हे तिला ठाऊक होतं. तरी विचारलंच.

"तुम्ही होतात ना तिथं, मामंजी? ओळखलीत?"

त्यानं टरफलं एका बाजूला सारली.

"सातुर म्हणायचा, बाबा ओळखणार नाहीत. मी म्हणायचे, ओळखतील. पैज होती आमची."

एमेतेरिओनं एक शेंग उचलली. ती आधीच सोललेली होती.

"मग हरला तो," तो म्हणाला.