कपाळावरचा उजेड

"आबा, उजेड हातावर पायजे."

चांदसाहेबांनी मान वर न करताच हे सांगितले. त्यांचे दोन्ही हात मोटारीच्या पोटात होते. नाथाजींनी "व्हय, व्हय" म्हणत मान वळवली आणि पांढऱ्या प्रकाशाचे वर्तुळ पुन्हा त्या काळवंडलेल्या बोटांवर येऊन स्थिरावले.

कुंडलच्या पाणीपुरवठा संस्थेची ही पंपखोली जमिनीखाली चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकी खोल होती. भर दुपारीही तिथे काळोख नांदत असे. शेतीची वीज रात्रीची येते आणि मोटारीही रात्रीच बिघडतात. म्हणून संस्था कपाळावर बांधायचे दिवे घेणार होती. लष्करी बनावटीचा एक दिवा नमुन्यादाखल आला होता. त्याची पारख नाथाजींकडे सोपवली गेली, कारण सुभेदार म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सीमेवर असे दिवे वापरले होते. पट्टा कपाळाला रुततो का, झोत किती लांब पोहोचतो, पाण्याचे शिंतोडे सोसतो का, अशा प्रश्नांचा आणि शेवटी त्यांच्या सहीची जागा असलेला छापील कागद त्यांच्या खिशात होता. मोटारी दुरुस्त करणाऱ्या चांदसाहेबांनी मोटार उघडायची आणि नाथाजींनी दिवा बांधून उजेड दाखवायचा, असे ठरले.

"सही माजी, तर डोस्कं बी माजंच पायजे," असे म्हणून नाथाजींनी पट्टा आवळला होता.

"बरं झालं. तुमच्या डोस्क्यात येकदाचा उजेड पडला," चांदसाहेब म्हणाले होते, आणि दोघेही मोकळेपणाने हसले होते. तीस वर्षांच्या स्नेहात असे बोलणे नित्याचे होते.

पंधरवड्यापूर्वी याच खोलीतून तांब्याच्या तारेचे एक भेंडोळे नाहीसे झाले होते. खोलीची किल्ली चांदसाहेबांकडे असते. ती काढून घ्यावी, असे संस्थेच्या बैठकीत कोणीतरी सुचवले, तेव्हा नाथाजी उभे राहिले. "चांदभाईची हमी मी देतो. आजून कुनाला काय बोलायचं हाय?" एवढेच ते बोलले. किल्ली होती तिथेच राहिली. ते वाक्य नाथाजींनी अंतःकरणापासून उच्चारले होते. त्या रात्री त्यांना फार समाधानाची झोप लागली होती.

दिवा उत्तम होता, यात शंका नव्हती. मोटारीतील केसासारखी बारीक तारसुद्धा स्वच्छ दिसत होती. वजन जाणवत नव्हते. चांदसाहेब एकेक स्क्रू सोडवून ओळीने मांडीत होते. कागदावर काय लिहायचे, ते नाथाजींनी मनाशी जुळवून ठेवले होते.

"आबा, हातावर."

नाथाजी दचकले. वर्तुळ भिंतीकडे गेले होते. भिंतीला टेकून चांदसाहेबांची खाकी पिशवी ठेवलेली होती, आणि उजेड नेमका तिच्या फुगलेल्या कुशीवर पडला होता. त्यांनी घाईने मान वळवली. कानशिले तापली. घाम पुसायला हात वर नेला, तर बोटे दिव्यावर आपटली. हातातल्या बॅटरीला माणूस हवी ती दिशा देतो. कपाळावरचा दिवा मात्र मुकाट्याने नजरेच्या मागे जातो. सीमेवर हे त्यांच्या कधी ध्यानात आले नव्हते. तिथे पाहायचे ते शत्रूकडेच.

आता त्यांनी मान ताठ धरली. बोटे, स्क्रू, पुन्हा बोटे. त्या पिशवीत हत्यारांवाचून काही नाही, असे त्यांनी स्वतःला निक्षून बजावले. आणि तसे बजावीत असतानाच, ते खरे आहे ना एवढे पाहण्यासाठी, डोळे तिकडे वळले.

चांदसाहेबांचे हात काळोखात थांबले.

पान्हा खाली ठेवल्याचा आवाज झाला. चांदसाहेब उठले. भिंतीजवळची पिशवी घेऊन ते नाथाजींच्या समोर मांडी घालून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता, तर नाथाजींना त्याचा आधार झाला असता.

"दिवा झ्याक हाय, आबा," ते शांतपणे म्हणाले. "मानूस कुटं बगतोय, त्ये लांबनं कळतंय. लिवा कागदात."

"चांदभाई, तसं न्हाई रं..."

चांदसाहेबांनी पिशवीची चेन ओढली. पक्कड काढून फरशीवर ठेवली. तिच्या शेजारी टेस्टर ठेवला. मग चिकटपट्टी, चष्म्याचे घर, जेवणाचा डबा. डब्याचे झाकणही त्यांनी काढले आणि डबा तिरपा करून दाखवला. फडक्यात अर्धी भाकरी बांधलेली होती. गाठ सोडून त्यांनी ते फडके सपाट पसरले.

"आरं, काय करतुयास ह्ये? भर ती पिशवी. मला काय बी बगायचं न्हाई," नाथाजी पुनःपुन्हा विनवीत होते. लाजेने त्यांना त्या फरशीत विरून जावेसे वाटत होते.

उजेडाचे वर्तुळ मात्र प्रत्येक वस्तूवर येऊन थांबत होते, आणि ती नीट पाहून झाल्यावरच पुढच्या वस्तूकडे सरकत होते.