गुडघ्यापुरती जागा

मानवाच्या गगनभरारीच्या इतिहासात आमच्या पूर्णा गावाचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार होतं. फक्त ईश्वरअप्पांनी घरी बांधलेलं विमान शेडच्या दारातून निघत नव्हतं. विमानात मांडी घालूनच बसणार, ही बायकोची, बसम्माची, अट. अप्पांनी तिला पाटावर बसवून मागच्या सीटचं माप घेतलं अन् कॉकपिटच्या प्लायवूडला करवत लावली. "गुडघ्याला जागा कमी पडायलीय," ती म्हणाली. "आधी विमान उडू दे, मग वाढवू." उडायच्या आधी तीच गेली. आम्हा लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवूनच पुरतात. खड्ड्याचं माप विचारल्यावर अप्पांच्या तोंडून सीटचंच निघालं. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये मागच्या सीटचा नवाकोरा फोम दबलेला दिसला, सीटबेल्टवर विभूतीची बोटं उमटलेली. अप्पा पुढं बसले. मान वळवायची हिंमत झाली नाही. "आलीस?" "आले की. अहो, तेवढी गुडघ्याला जागा वाढवा. इथं बी, तिथं बी."