बदललेली ड्यूटी

"ॲपमधल्या बिननावाच्या डॉक्टरशी ड्यूटी बदलू नका हं," मुलुंडच्या हॉस्पिटलात शिफ्ट लावणाऱ्या विमलाताई म्हणाल्या होत्या. मी हसले. लेकीच्या उष्टावणासाठी माझ्या नवऱ्याला, यज्ञेशला, सुट्टी हवी होती आणि दुसरं कोणी तयार नव्हतं. त्याच्या फोनवर बदल मीच मंजूर केला.

आज तो प्रांजलला मांडीवर घेऊन खीर भरवत होता. बदली डॉक्टर आला ना, मनात शंका नको म्हणून मी वॉर्डात फोन लावला.

"यज्ञेश सर इथेच आहेत, देते," सिस्टर म्हणाली.

"अगं, सकाळीच सांगितलं ना, सुट्टी नाही मिळाली," फोनवर यज्ञेश म्हणाला. "माझ्याशिवाय उरकू नका."

"कोणाचा फोन गं?" समोर प्रांजलला भरवत बसलेल्या यज्ञेशने विचारलं.

प्रांजलला त्याच्या मांडीवर सोडून मला निघवत नाही. तुम्ही जवळपास असाल, तर वॉर्डात जाऊन यज्ञेशला एकदा बघून याल?